पायांची वहिवाट

(मंडळाच्या वसंत मेळाव्यात केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं आवरलं आहे, बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘फेल रनिंग’ असं छापलंय. मघाशी चहाच्या रांगेत तिघांनी तरी विचारलं, की ताई, फेल झालेल्यांचं हे कसलं रनिंग? तर आधी तेवढं सांगून टाकते. उत्तर इंग्लंडात डोंगराला ‘फेल’ म्हणतात. व्हायकिंग लोकांनी आपल्या नॉर्स भाषेतून हा शब्द आणला आणि तो इथेच स्थायिक झाला, आपल्यासारखा. तेव्हा फेल रनिंग म्हणजे डोंगरातली धाव. गवत, चिखल, दगड, ओढे, जे समोर येईल त्यातून. पास-नापासाचा काही संबंध नाही. निदान माझ्या वेगाकडे बघून तरी तो जोडू नका!

मी काही नावाजलेली धावपटू नाही. आठवड्यातले चार दिवस फार्मसीच्या काउंटरमागे उभी असते आणि रविवारी सकाळी डोंगरात असते, असं गेली चौदा वर्षं चाललंय. शर्यतीत माझा नंबर शेवटून मोजायला सोपा पडतो. त्यामुळे आज मी वेगाबद्दल बोलणार नाही. मला बोलायचंय वाटांबद्दल. कुठून पळायचं, त्या वाटा आल्या कुठून, आणि मुख्य म्हणजे त्या कोणाच्या.

आपली मंडळी डोंगर बघत नाहीत असं मी म्हणणार नाही. दरवर्षी पाहुणे आले की आपण लेक डिस्ट्रिक्टला जातो. विंडरमियरला बोटीत बसतो, आइस्क्रीम खातो, मागे डोंगर येतील असा फोटो काढतो आणि अंधार पडायच्या आत मोटरवेला लागतो. डोंगर आपल्या फोटोत कायम मागे असतो. त्याच्यावर जायची वाट कुठून आहे, हे विचारायचं आपल्या मनातच येत नाही. कारण आत कुठेतरी आपल्याला वाटत असतं, की ही जमीन कुणाची तरी आहे आणि आपण पाहुणे आहोत.

माझ्या आईलाही तसंच वाटलं होतं. ती दिंडोरी तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी. २०१६ साली उन्हाळ्यात इथे आली, तेव्हा मी तिला ईडेलला घेऊन गेले. मँचेस्टरहून ट्रेनने पाऊण तास. स्टेशनातून बाहेर पडलो, गाव मागे टाकलं आणि एका शेतात शिरलो. कुंपणाला लाकडी पायरी, पलीकडे मेंढ्या, आणि शेताच्या मधून जाणारी पायवाट. आई पायरीवरच थांबली. म्हणाली, “अगं, लोकाच्या रानातून असं खुशाल जायचं? मालक काही म्हणत नाही का?” मी म्हटलं, “आई, मालकाला म्हणताच येत नाही.” तिचा विश्वास बसेना. इतक्यात खुद्द मालकच क्वाड बाइकवरून आला, हात केला, हवा छान आहे म्हणाला आणि निघून गेला. आई पाच मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे वहिवाट आहे.”

मी चौदा वर्षांत जे शोधत होते, तो शब्द तिने एका शेतात दिला. वहिवाट! इंग्रजीतल्या ‘राइट ऑफ वे’ला याहून चांगला मराठी शब्द नाही. आपल्यापैकी ज्यांचं घरचं शेत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बांध, पाणंद, शिवरस्ता यांवरून आपल्याकडे पिढ्यानपिढ्या भांडणं चालतात. कुणी वाट नांगरून टाकतो, कुणी काटेरी फांद्या आडव्या लावतो, मग तहसीलदाराकडे अर्ज, आणि १९०६ सालचा मामलेदार कोर्ट कायदा अजूनही त्या कामी येतो. पुरावा काय मागतात? कधीपासून जाता, किती वर्षं जाता. १८८२ च्या आपल्याकडच्या ईझमेंट कायद्यात वीस वर्षांच्या अखंड वापराची अट आहे. आणि गंमत बघा, इथल्या १९८० च्या हायवेज कायद्यातही वीसच वर्षं आहेत. दोन्ही कायदे अगदी एक नाहीत. तिकडचा एका शेताला दुसऱ्या शेतातून मिळणारा खाजगी हक्क, इकडचा सगळ्या जनतेचा. पण मूळ कल्पना एकच. लोक वीस वर्षं न लपवता, न विचारता आणि कुणी न अडवता एखाद्या वाटेने गेले, तर ती वाट त्यांची.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा नोंदलेल्या वाटा सुमारे १ लाख ४० हजार मैल आहेत. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला त्यांचा अधिकृत नकाशा करायला लावला. तोच हक्क ऑर्डनन्स सर्व्हेच्या नारिंगी पाठीच्या ‘एक्स्प्लोरर’ नकाशावर हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेला असतो. बारीक हिरव्या रेघा म्हणजे फुटपाथ, लांब रेघा म्हणजे ब्रायडलवे, तिथे घोडा आणि सायकलही चालते. जमिनीवर खांबाला पिवळा बाण असेल तर फुटपाथ, निळा असेल तर ब्रायडलवे. एवढी अक्षरओळख झाली की तुम्ही साक्षर झालात. चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तपकिरी रेषा म्हणजे उंची. रेषा जितक्या दाट, तितकी तुमची दमछाक.

‘आता फोनवर सगळं असतं, नकाशा कशाला?’ असं आमच्या घरातला तरुण वर्ग म्हणतो. फोनवर लाल रेघ दिसते आणि आपण तिच्या मागे जातो, हे खरं. पण रेघ कुणीतरी आखलेली असते, त्याच्या पायांच्या हिशेबाने. आणि डिसेंबरात किंडरवर ढग उतरला, बोटं गारठली, बॅटरी मान टाकायला लागली, की त्या रेघेचं काय करायचं? मी फोन बरोबर ठेवते, पण मार्ग आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर कागदी नकाशा पसरून ठरवते. खरं सांगू का, निम्मी मजा तिथेच असते.

मार्ग ठरवताना नुसते किलोमीटर मोजू नका. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली चालणाऱ्यांसाठी एक आडाखा दिला: दर तीन मैलांना एक तास, आणि वर दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. म्हणजे दोन हजार फुटांचा चढ बरोबर तीन मैल सपाटी. यातून धावणाऱ्यांचा हिशेब निघतो: एक मीटर चढ म्हणजे साधारण आठ मीटर सपाट धाव. चारशे मीटर चढ असेल तर अंतरात तीन किलोमीटरच्या वर भर घाला. पार्कात दहा किलोमीटर तासाभरात पळणारा माणूस डोंगरात पहिल्यांदा येतो आणि हिरमुसतो, कारण त्याने हा हिशेब केलेला नसतो. शर्यतींचं वर्गीकरणही चढावरच असतं. दर किलोमीटरला सरासरी पन्नास मीटर किंवा जास्त चढ असेल तर ती ‘ए’ वर्गाची शर्यत. माझ्यासारखीने त्या दिवशी स्वयंसेवक म्हणून पाणी वाटावं.

आता प्रत्यक्ष वाटा. दोनच सांगते, पण नीट सांगते.

पहिली ईडेलचीच, जिथे आईला नेलं होतं ती. स्टेशनापासून दक्षिणेला हॉलिन्स क्रॉस नावाच्या खिंडीत चढायचं. तिथून उजवीकडे कण्याकण्याने मॅम टॉर. उंची ५१७ मीटर. कळसूबाईच्या १६४६ मीटरपुढे हे म्हणजे पोर, पण माथ्यावर पोचाल तेव्हा पायाखाली बघा. तटबंदीसारखा उंचवटा आणि खंदक दिसेल. प्रागैतिहासिक काळातला डोंगरी किल्ला आहे तो. किल्ला म्हटला की मराठी माणसाचे पाय आपोआप उचलले जातात, हे मी स्वतः पाहिलंय. याच डोंगराची पूर्वेची बाजू सारखी ढासळत असते, म्हणून त्याला ‘थरथरणारा डोंगर’ म्हणतात. पायथ्याचा मोठा रस्ता तो दुरुस्त करकरून लोक कंटाळले आणि १९७९ साली कायमचा बंद झाला. आज त्या फाटलेल्या डांबरावरून पळत जाता येतं, रस्त्याचे थर केकच्या कापासारखे दिसतात. मुलांना दाखवाच.

मॅम टॉरवरून परत हॉलिन्स क्रॉस, मग सरळ पुढे बॅक टॉर, पुढे लूज हिल, ४७६ मीटर, आणि डावीकडच्या उतारावरून ईडेलला खाली. माझ्या घड्याळात साधारण बारा किलोमीटर आणि चारशे मीटरच्या वर चढ. मघाच्या हिशेबाने पंधरा-सोळा किलोमीटर समजा. कण्यावरची बरीचशी वाट फरसबंद आहे, चुकायची भीती नाही. फक्त वारा. कपड्यांच्या दोरीवरच्या चादरीसारखे आपण फडफडतो.

या हॉलिन्स क्रॉसची एक गोष्ट मला फार आवडते. ईडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा गावातली माणसं गेली की त्यांना याच खिंडीतून खांद्यावरून होपच्या दफनभूमीत नेत. पुढे ईडेलला कापडगिरणी आली आणि कॅसलटनच्या कामगार बायका रोज ही खिंड ओलांडून कामाला जात. बारा महिने. मी रविवारी भारी बूट घालून जिथे धापा टाकते, तिथून त्या रोज ये-जा करत होत्या, आणि त्याला कोणी खेळ म्हणत नव्हतं. वाट अशी तयार होते.

दुसरी वाट किंडरची, हेफील्ड गावाकडून. ही जरा मोठी, चौदा किलोमीटरच्या आसपास आणि साडेचारशे मीटरच्या वर चढ. बाउडन ब्रिजच्या जुन्या दगडखाणीत गाडी लावता येते. तिथे कड्यावर एक पाटी आहे, ती वाचल्याशिवाय निघू नका.

२४ एप्रिल १९३२, रविवार. या खाणीतून काहीशे तरुण-तरुणी किंडरवर निघाले. बहुतेक मँचेस्टरच्या कारखान्यांतले, काही बेकार. त्या काळी किंडरचं पठार म्हणजे जमीनदारांचं ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचं रान. वर्षातले थोडे दिवस बंदुका चालायच्या, बाकी वर्षभर राखणदार दांडके घेऊन माणसांना हाकलायचे. या पोरांनी ठरवलं, सगळ्यांनी एकदम जायचं. विल्यम क्लफ नावाच्या घळीत राखणदारांशी झटापट झाली, पण पोरं वर पोचली. परत येताना पोलिस उभेच होते. नुसतं दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं हा काही फौजदारी गुन्हा नव्हता, म्हणून दंगलीसारखे आरोप ठेवले, आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली.

त्यांचा पुढारी होता बेनी रॉथमन. वय वर्षं वीस. आणि मंडळी, हे मला मुद्दाम सांगायचंय, तो रुमानियातून आलेल्या ज्यू आई-बापांचा मुलगा होता. म्हणजे आपल्या मुलांसारखाच. घरी वेगळी भाषा, वेगळे सण, आणि बाहेर मँचेस्टर. इंग्लंडच्या डोंगरावर इंग्लंडच्या जनतेचा हक्क आहे, हे सांगायला जो पुढे झाला तो बाहेरून आलेल्या घरातला पोरगा. आपण पाहुणे आहोत असं त्याला वाटलं असतं तर?

पुढचं थोडक्यात. १९४९ चा कायदा आला, १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, १९६५ साली ईडेलपासून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत २६८ मैलांचा पेनाइन वे खुला झाला. २००० सालच्या कायद्याने मोकळे माळ, डोंगर आणि पडीक चराऊ रानं पायी फिरणाऱ्यांना वाट सोडूनही मोकळी झाली. हे ‘ॲक्सेस लँड’ नकाशावर फिकट पिवळ्या रंगात असतं. तिथे चाला, पळा, लोळा. मात्र इंग्लंडच्या एकूण भूमीपैकी ते सुमारे आठच टक्के आहे. बाकी सगळीकडे अजून वाटेचाच आधार. आणि २००२ साली, त्या घटनेला सत्तर वर्षं झाली तेव्हा, ज्या ड्यूकच्या आजोबांची ती जमीन होती त्याने बाउडन ब्रिजला येऊन जाहीर माफी मागितली. बेनी रॉथमन मात्र त्याच वर्षी जानेवारीत गेला होता.

तर वाट अशी: जलाशयाच्या कडेने विल्यम क्लफमध्ये शिरायचं, ओढा चार-सहा वेळा ओलांडत वर पठाराच्या कडेला यायचं आणि उजवीकडे वळून कडेकडेने पळत सुटायचं. ही कडेची धाव माझी सगळ्यांत लाडकी. डावीकडे काळं पीट, उजवीकडे सगळं मँचेस्टर पसरलेलं. मध्ये किंडर डाउनफॉल हा सुमारे तीस मीटरचा धबधबा लागतो. पश्चिमेचा जोरदार वारा असला की त्याचं पाणी खाली न पडता उलटं वर उडतं. नाणेघाटात पावसाळ्यात दिसतो ना, तोच प्रकार. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा भिजत तिथेच उभी राहिले, पुढे पळायचं विसरून. मग किंडर लो, ६३३ मीटर, तिथला पांढरा सर्व्हेचा खांब, आणि हळूहळू परत हेफील्ड.

पठाराच्या मध्यात मात्र नवख्याने शिरू नये. पीटमध्ये माणसाच्या उंचीचे चर पडलेत, आत गेलं की दिशाच कळत नाही. २००३ पासून इथे ‘मूर्स फॉर द फ्यूचर’ नावाने मोठं काम चाललंय: चर बांधून पाणी अडवायचं, स्फॅग्नम शेवाळ लावायचं. पाणी अडवा पाणी जिरवाच म्हणा ना. पेनाइन वेने स्नेक खिंडीकडे गेलात तर दलदलीवर मोठमोठ्या दगडी फरश्या दिसतील. त्यातल्या कित्येक पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतल्या आहेत. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबई बंदरातून कापूस जायचा. त्यावर पाय ठेवून पळताना मला उगाच ओळखीचं वाटतं.

पळायचं कसं, हे फार लांबवत नाही. चढावर कोणीच पळत नाही. अगदी मोठे मोठे लोकही गुडघ्यांवर हात दाबत चालतात. लाज वाटून घेऊ नका. उतारावर मागे रेलायचं नाही, छोटी छोटी पावलं टाकायची आणि नजर पायांपुढे तीन-चार पावलं. रस्त्यावरचे बूट चिखलात साबणासारखे सरकतात, खालून दातेरी असलेले घ्या. बस. ज्यांनी अजून पळायलाच सुरुवात केली नाही त्यांनी शनिवारी सकाळी नऊला जवळच्या पार्करनला जावं. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात तेरा लोकांनी सुरू झालेला प्रकार, पाच किलोमीटर, फुकट. आपल्याकडे ‘फुकट’ म्हटल्यावर गर्दी व्हायला हरकत नव्हती!

ह्या खेळात कसले लोक आहेत तेही सांगते, कारण मला त्यांनीच इथे अडकवलं. त्याच १९३२ साली, जूनमध्ये, केझिकचा बॉब ग्रॅहम नावाचा गेस्ट-हाउसवाला लेक डिस्ट्रिक्टची ४२ शिखरं चोवीस तासांच्या आत करून परत गावच्या मूट हॉलला आला. सुमारे ६६ मैल आणि २७ हजार फूट चढ. पुढची अठ्ठावीस वर्षं ते दुसऱ्या कोणालाही जमलं नाही. वॉसडेलचा जॉस नेलर हा मेंढपाळ. तरुणपणी पाठीच्या दुखण्याने निकामी ठरलेला. त्याने १९७५ साली चोवीस तासांत ७२ शिखरं केली, आणि मेंढ्यांचं काम काही सोडलं नाही. २०२४ साली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो गेला. आणि जॅस्मिन पॅरिस. जानेवारी २०१९ मध्ये अख्ख्या पेनाइन वेची स्पाइन रेस तिने ८३ तास १२ मिनिटांत पुरी केली, पुरुषांसकट सगळ्यांच्या पुढे. वाटेतल्या थांब्यांवर लेकीसाठी दूध काढत होती. ‘बायकांना घर सांभाळून जमत नाही’ असं मला कुणी म्हटलं की मी फक्त तिचं नाव सांगते.

आणि ग्रासमियरच्या उन्हाळी खेळांना एकदा जाच. समोरच्या डोंगरावर पळत जाऊन परत यायची शर्यत, आणि त्याच मैदानात कुस्त्या! ढोल-ताशे तेवढे नाहीत, नाहीतर आपल्याकडची जत्राच.

बरोबर काय न्यायचं? वॉटरप्रूफ जाकीट आणि पँट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, खायला काहीतरी. शर्यतीत हे नसेल तर पळूच देत नाहीत. मी चिक्की नेते, थंडीतही घट्ट राहते आणि जेलसारखी घशाला चिकटत नाही. डोंगरावर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गारवा वाढतो, वारा वेगळाच. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा डोक्याचा दिवा हवाच. अडचण आली तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मिनिटभर थांबून पुन्हा सहा. फोन लागला तर ९९९, आधी पोलिस मागायचे आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ म्हणायचं. ते सगळे स्वयंसेवक असतात, एक पैसा घेत नाहीत.

आणि गायी. आपल्याला गाय दिसली की हात जोडायची सवय. वासराबरोबरच्या इथल्या गायीला लांबूनच नमस्कार करावा आणि मोठा वळसा घालावा. बरोबर कुत्रा असेल आणि ती अंगावर आली तर पट्टा सोडून द्या, कुत्रा आपलं बघून घेतो. मार्च ते जुलै मात्र ॲक्सेस लँडवर कुत्रा आखूड पट्ट्यावरच हवा, जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात.

आता जे सांगण्यासाठी मी अध्यक्षबाईंकडे ही पंचवीस मिनिटं मागून घेतली ते. माझी रविवारची धाव ईडेलला सुरू होत नाही. दहातल्या सात वेळा ती आपल्या शनिवारच्या मराठी शाळेच्या मागून सुरू होते. तुम्हाला सगळ्यांना ती गल्ली माहीत आहे. मुलं आत बाराखडी गिरवत असतात तेव्हा आपण आई-बाप तिथूनच फिरायला जातो. हॉथॉर्नचं कुंपण, मग ओढ्यावरची फळी, मग चढण, आणि वर डोंगराकडे जाणारा ब्रायडलवे. गेल्या वर्षी जमीन विकली गेली आणि फळीच्या अलीकडे लोखंडी फाटक आलं. कुलूप लावलेलं. मी काउंटीचा अधिकृत नकाशा उघडून बघितला. ही वाट त्यावर नाही. शंभर वर्षांची असेल, पण कोणी नोंदलेलीच नाही.

एकदा हक्काची ठरलेली वाट या देशात वापर नाही म्हणून रद्द होत नाही. पण मुळात नोंदच नसेल तर ती सिद्ध करावी लागते. जुन्या कागदांवरून वाटा नोंदवून घ्यायला २००० च्या कायद्याने २०२६ ची मुदत घातली होती. ती रद्द करायचं सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. आमच्या वाटेसाठी मात्र जुना कागद सापडलेला नाही. म्हणून मार्ग एकच, वापराचा पुरावा. फाटक लागलं त्या दिवसापासून मागची वीस वर्षं लोक इथून जात होते, हे लोकांनी स्वतः लिहून द्यायचं. एकाच माणसाची वीस वर्षं लागत नाहीत. कुणाची सहा, कुणाची अकरा, सगळ्यांची मिळून वीस भरली म्हणजे झालं.

गावातल्या काही मंडळींनी दावा दाखल करायचं ठरवलंय. माझ्याही वर्षांचा फॉर्म मी दिला. परवा त्यांच्याकडे गठ्ठा पाहिला, एकोणतीस फॉर्म होते. नावं चाळली, तर त्यात मराठी नाव एकच, माझं. आणि आपली शाळा त्या हॉलमध्ये २००३ पासून भरते! बावीस वर्षं दर शनिवारी वीसेक आई-बाप त्या वाटेने गेलेत. कुणी बाबागाडी ढकलत, कुणी फोनवर पुण्याशी बोलत. या खोलीत त्या वाटेचे जितके साक्षीदार आज बसलेत तितके अख्ख्या गावात नसतील.

२०१९ साली ज्युलियन ग्लोव्हर यांनी इथल्या राष्ट्रीय उद्यानांचा सरकारसाठी आढावा घेतला, तेव्हा तिथे अल्पसंख्याक लोक फारच कमी दिसतात हे स्पष्ट नोंदवलं होतं. आपण जातो, पण नोंद होत नाही, हाही त्यातला एक भाग असणार.

फॉर्म मी आणलेत. मागच्या टेबलावर, चिवड्याच्या डब्याशेजारी आहेत. चार पानं आहेत, घाबरू नका. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत गेलात, वर्षातून साधारण किती वेळा, चालत की पळत, कधी कुणी अडवलं का, कुणाची परवानगी घेतली होती का, एवढंच. जे आठवतं तेवढंच लिहायचं, एक वर्ष जास्त नको. सोबतच्या नकाशावर तुम्ही जात होता ती वाट पेनने आखायची आणि सही करायची. ज्यांची मुलं आता युनिव्हर्सिटीत आहेत त्यांनी त्यांच्याकडूनही भरून घ्या, ती मधल्या सुट्टीत ओढ्यावर दगड मारायला पळायची ते मला चांगलं आठवतंय. आजी-आजोबा व्हिसावर आले असताना गेले असतील तर त्यांचीही साक्ष चालते. मी माझ्या आईला दिंडोरीला फॉर्म पाठवलाय. तिने फोनवर विचारलं, “सही मराठीत चालंल ना?” मी म्हटलं, चालेल.

पेनं सहाच आहेत, तेव्हा रांग लावा.